सुटे भाग व्हायला नकार देणारी बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे खरी, पण मला भंगार समजू नका. माझा सांगाडा लाकडाचा, अंगावर अॅल्युमिनियमचे पत्रे. चोवीस वर्षे मी वूलनगाँग शहरातल्या टेकडीवरून पोलाद कारखान्यातल्या कामगारांची ने-आण केली. चढ उभा होता, पण मी कधी कुरकुरले नाही.

माझी शेवटची चालक मर्ल हॅनरहन. बाई बस चालवणार म्हणून पहिल्या दिवशी सगळे हसले. तिने त्या चढावर मला एका दमात वर नेले, तेव्हा मागच्या आसनावरून पहिली टाळी वाजली. ती ब्लागोया नावाच्या फिटरची होती.

पुढे नव्या गाड्या आल्या. मला एका शेतकऱ्याने नेले आणि चाळीस वर्षे माझ्यात कोंबड्या राहिल्या. त्यांनी अंडी मात्र भरपूर घातली, एवढेच समाधान!

मग बस-संग्रहालयाच्या लोकांनी मला ट्रकवर घालून आणले. मला वाटले, आता दिवस पालटले. पण तिथे माझ्याच घडणीची एक देखणी बहीण आधीच उभी होती. संग्रहालयाचा प्रमुख नेव्हिल माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "हिचं इंजिन तिला बसवू. बाकी सगळं मोडीत."

"मोडीत?" मला बघायला जमलेल्या गर्दीतून सत्तरीची मर्ल पुढे आली. "मग तुलाही काढायचं का रे मोडीत? तुझे गुडघे तर हिच्यापेक्षा जास्त करकरतात!"

"मर्ल, नुसत्या मायेवर बस चालत नाही."

"डिझेलवर चालते, माहितीये मला. शनिवारपर्यंत थांब. चढ चढली तर दोघी ठेवायच्या. नाही चढली, तर मीच पाना आणून देते."

म्हातारा ब्लागोया हत्यारांची पेटी घेऊन आला. पाच दिवस दोघे माझ्या पोटाखाली होते. "जरा जोर लाव की गं, पोरी," तो मला म्हणायचा.

शनिवारी नेव्हिल पहिल्या आसनावर बसला. अर्ध्या चढावर माझे इंजिन खोकले. तो लगेच अर्धा उठला.

"बस खाली!" मर्ल ओरडली. तिने गिअर उतरवला. मी सगळा जीव एकवटला आणि माथा गाठला.

नेव्हिलने घाम पुसला. "उतरताना ब्रेक लागतात ना?"

"आता कळेलच," ब्लागोया म्हणाला.

ब्रेक लागले. आज दालनात आम्ही दोघी बहिणी शेजारी उभ्या आहोत. तिला नवा रंग आहे. माझी कामगारांच्या बुटांनी झिजलेली पायरी मात्र मर्लने कुणाला बदलू दिली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू काचेआड ठेवल्या की जपल्या, असे मानू नका. त्यांना तेलपाणी करा, त्यांच्याकडून काम घ्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी चढावर निघते. वेळेवर या. मी अजूनही कुणासाठी थांबत नाही.