हिरव्याखालचा लाल

मी आतल्या खोलीचं दार बोलतंय. बाहेरच्या दाराला तोरण, नावाची पाटी, येणाऱ्याजाणाऱ्याचा नमस्कार. मला मागे एक खिळा आणि त्यावर तात्यारावांची पँट. तक्रार नाही हो. सव्वीस वर्षं उघडमीट करून बिजागऱ्या दुखतात, म्हणून आपलं सांगितलं.

भवानी पेठेतल्या वखारीत मला ठोकलं, टेम्पोत आडवं घालून विश्रांतवाडीला आणलं आणि या तिसऱ्या मजल्यावर उभं केलं. साधं प्लायवुडचं अंग, वर तपकिरी रंग. शेजारी दोन दारं अशीच. एक बाथरूमचं, एक अडगळीच्या खोलीचं. दिवसाही दिवा लावला नाही तर तिघांत फरक कळायचा नाही.

तात्याराव खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं होते. रिटायर झाले, केस पिकले, तोवर ठीक होतं. मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग मला. झोपायला म्हणून अडगळीत जायचे आणि जुन्या गादीच्या गुंडाळीवर बसून राहायचे. एका सकाळी खोली समजून बाहेरचंच दार उघडलं आणि जिना उतरले. आळंदी रस्त्यावर बसथांब्याला सापडले. खडकीच्या बसची वाट बघत होते.

त्या संध्याकाळी मुलगा केदार एका वृद्धाश्रमाचा फॉर्म घेऊन आला. वाईट नाही तो पोरगा. दमलेला होता. म्हणाला, "आई, तिथे चोवीस तास माणूस असतो."

मंदाकिनीबाई, म्हणजे तात्यारावांची बायको, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इथेही असते की. मी काय कपाट आहे?"

नात अवनी मधे पडली. तिने आठ दिवस मागून घेतले. आजोबांना खोली ओळखू येईल असं करते म्हणाली. दुसऱ्या दिवशी चॉक पेंटच्या डब्या घेऊन आली. खडू उगाळून लावावा तसा तो रंग, मऊ, वास नाही की चकाकी नाही. तिने मला पॉलिश पेपरने घासलं. इतक्या वर्षांत कुणी एवढा वेळ माझ्या अंगावर हात ठेवला नव्हता. मग लावला लालभडक रंग, वर पिवळे झेंडू.

"दाराचं लग्न ठरलंय का?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. पण दोनदा येऊन बघून गेल्या.

दुपारी तात्याराव जेवून आले. माझ्यासमोर थांबले. चपला काढल्या. खिशातली किल्ली, चष्म्याची डबी, दोन सुटी नाणी माझ्या पायाशी एका ओळीत मांडली आणि स्टूल ओढून बसले. अवनी म्हणाली, आजोबा, आत जा ना. ते हलले नाहीत. चार वाजले, पाच वाजले. त्यांचा पायजमा ओला झाला, तरी उठले नाहीत. मला स्वतःहून उघडता आलं असतं तर उघडलं असतं.

केदार आला, त्याने बघितलं आणि कपाटातून फॉर्म काढला. अवनी रडायला लागली.

मंदाकिनीबाई मात्र त्या मांडलेल्या नाण्यांकडे बघत होत्या. नवऱ्याशेजारी जमिनीवर टेकल्या. "अहो, आत का नाही जात?"

"लाल दार आहे," तात्याराव म्हणाले. "आत माल भरतायत. साहेबांनी सांगितल्याशिवाय जायचं नाही. माणसं मरतात."



"त्यांचं काही चुकलेलं नाही," मंदाकिनीबाई नातीला म्हणाल्या. "चौतीस वर्षं कारखान्यात लाल दाराबाहेर खिसे रिकामे करून असंच थांबले, म्हणून घरी परत आले. खडकीला असताना आपल्या क्वार्टरचं दार हिरवं होतं. हिरवा लाव. झेंडू तेवढे राहू देत."

दुसऱ्या दिवशी झेंडू सोडून माझ्यावर हिरवा चढला. तात्याराव आले, तिन्ही दारांकडे बघितलं, माझ्यावर तळहात टेकला आणि ढकललं. "आलो गं," म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले.

केदारने फॉर्म फाडला नाही. घडी घालून कपाटात ठेवला.

याला आता वर्ष होईल. मी थकलंय. पावसाळ्यात फुगतं, चौकटीत अडकतं, कुरकुरतं. रंगाची हौस कधीच नव्हती, आता तर मुळीच नाही. पण एक सांगायचं राहिलंय. तात्याराव रोज एकाच जागी हात टेकतात, कडीच्या वर, दुसऱ्या झेंडूच्या खाली. हा रंग टिकावा म्हणून वरून मेण लावतात, ते अवनी विसरली होती. तिथला हिरवा झिजलाय. काल रुपयाएवढा लाल दिसायला लागला.

काल तात्यारावांचा हात तिथे येऊन क्षणभर थांबला. मग त्यांनी ढकललं. उद्याचं मला माहीत नाही.

अवनी, बाळा, डबीत तळाशी थोडा हिरवा उरला असेल. ऑफिसचं ते कॉम्प्युटरचं काम जरा बाजूला ठेव आणि ब्रश घेऊन ये. आजोबा दुपारी झोपायला यायच्या आत ये.