रतनचं लिव्हर

रतन चोरून पितो, याबद्दल नंदाला आता तिळमात्र शंका उरली नव्हती. त्याचं लिव्हर कडक होत चाललंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि लिव्हर कशाने जातं, हे कांजूरमार्गच्या त्यांच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक! हाच नवरा दर रविवारी विहारात पुढे बसून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचा. त्यातलं दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील तर जरा जास्तच मोठ्याने.

नंदाने त्याचे शर्ट हुंगले, पाण्याची बाटली हुंगली. तो वाण्याकडे निघाला की बाई खिडकीत उभी. काहीच सापडेना, तसा तिचा संशय आणखी बळावला. इतक्या सफाईने लपवतो, म्हणजे सवय जुनीच असणार! शेवटी तिने महिला मंडळाच्या सुलक्षणाला विश्वासाने सांगितलं. सुलक्षणाच्या पोटात काही राहतं थोडंच? पुढच्या रविवारी विहारात पंचशील द्यायला रतनऐवजी वस्तीतल्या सुयोगला बसवलं. रतन मागच्या रांगेत बसला आणि घरी येऊन नेहमीसारखा जेवला.

पुढच्या तपासणीला नंदाने त्याला बाहेर बसवलं आणि एकटीच आत शिरली.

"खरं सांगा डॉक्टर, हे पितात ना?"

डॉक्टर अनुपमा हसल्या नाहीत. "नंदाताई, वीस वर्षांचा डायबेटीस आणि सत्तरीला आलेलं वय. लिव्हरच्या पेशींत चरबी साठते, सूज राहते. तरुणपणी मेलेल्या पेशींच्या जागी नव्या भराभर येतात. या वयात ते काम मंदावतं, मग तिथे वण पडतात आणि लिव्हर कडक होतं. त्याला दारूच लागते असं नाही."

ही पण त्यांनाच सामील, नंदाच्या मनात आलं.

"तुम्हालाही शुगर आहे ना? तुमचंही लिव्हर बघूया."

नंदा तोऱ्यात टेबलावर आडवी झाली. आयुष्यात तिने थेंबाला शिवलं नव्हतं. आता कळेल बाईंना फरक!

फरक निघाला. नंदाचं लिव्हर रतनच्यापेक्षा जास्त कडक होतं.

बाहेर आल्यावर तिला रतनकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "अहो, सुलक्षणाला मीच..."

"माहितेय मला."

त्याने तिच्या हातातला कागद घेतला, वाचला आणि घडी घालून आपल्या खिशात ठेवला.

"वस्तीत कुणाला सांगू नकोस, नंदा," तो हळूच म्हणाला. "लोक काय काय बोलतात. तुला नाही सोसायचं."