वगळलेली शेतं

भर वर्गात विद्युल्लतेला घाम फुटला, आणि तोही एका साध्या प्रश्नाने. बेळगावच्या एका कॉलेजात ती शेतीचं अर्थशास्त्र शिकवायची. फळ्यावर तिचं लाडकं सूत्र होतं. मजूर, पाणी, युरिया इतकं इतकं घातलं तर भात किती येईल, ते सांगणारं. आपल्या गावच्या, येळ्ळूरच्या, शेतकऱ्यांना विचारून विचारून तिने ते बसवलं होतं.

"मॅडम, ह्यात सगळ्याचा लॉग घेतलाय," मागच्या बाकावरची रचना म्हणाली. "मग ज्याचं पीकच बुडालं, त्याचं काय? शून्याचा लॉग गणितात निघतच नाही."

"ती शेतं वगळायची," विद्युल्लता सवयीने बोलून गेली, आणि बोलता बोलता आपलंच सूत्र तिला खटकलं.

कारण तिनेही वगळली होती. युरियाने माजलेला भात उंच वाढतो आणि वाऱ्याने लोळतो, हे येळ्ळूरचं शेंबडं पोरही सांगेल. ती लोळून कुजलेली शेतंच गाळली, तर मागे उरणार काय? उभी राहिलेली. मग सूत्र म्हणणारच, घाला अजून! आणि रविवारी तिने अक्काताई आत्याला छातीठोकपणे सांगितलं होतं, युरियाचं एक पोतं जास्त टाक. आत्याचं वर्षाचं पोट शेताच्या त्या एका तुकड्यावर.

तास अर्धवट टाकून तिने स्कूटर काढली. देवा, टाकलेला नसू दे. वडगाव मागे पडलं तसा वारा सुटला आणि तिने वेग वाढवला. असली भीती तिला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती.

आत्या पाटाच्या पाण्यात हात धूत होती. शेजारी रिकामं पोतं. भात काळपट हिरवागार, कमरेला आलेला.

"टाकलास?"

"व्हय की, आत्ताच. तू सांगितलेला तेवढा. तोंड का गं असं उतरलंय?"

चिखलातून युरिया काही परत वेचता येत नाही. विद्युल्लता बांधावर बसली.

"आत्या, माझं चुकलं. लोळलेली शेतं मी हिशेबात धरलीच नव्हती."

आत्याने पदराला हात पुसले. हलणाऱ्या पिकाकडं पाठ करून तिने रिकाम्या पोत्याची घडी घातली.

"गेल्या साली आमचा भात झोपलता," ती हळू म्हणाली. "मीच तुला सांगितलेलं, तू लिहूनबी घेतलंस. ते धरून बोलत असशील म्हनून टाकला गं. न्हायतर माझी छाती झाली नसती."