मळीच्या ढिगातील विस्तव

सुज्ञ वाचकहो, लिंबागणेश गावच्या माळावरील एका मृतप्राय भूमीस सजीव करण्याच्या प्रयत्नात बायनाबाईंच्या जिवावर कसे बेतले होते, ते मी येथे यथामती निवेदन करीत आहे.

बायनाबाईंची ती जमीन खडीच्या खदानीने गिळली होती. खदान बंद पडली, परंतु दगडाची भुकटी आणि यंत्रांचे काळे तेल मातीत तसेच मुरून राहिले. तेथे गवतसुद्धा उगवत नसे. म्हणून साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरलेली टाकाऊ मळी मी माझ्या ट्रॅक्टरने आणली व तिचा मोठा ढीग रचला. शेणखतासह ती मातीत मिसळावयाची होती.

शुभारंभाच्या प्रातःकाळी ढिगाच्या माथ्यावर नारळ फोडण्यासाठी बायनाबाई पूजेचे ताट घेऊन निघाल्या. त्यांच्या घरात असे ताट उचलले की नारळ फुटेपर्यंत बाई बोलत नाही, कोणाच्या हाकेला थांबत नाही, आणि पायांत चप्पल तर घालीतच नाही.

तेवढ्यात माझे लक्ष ढिगाकडे गेले. सर्वत्र दव पडले होते, मात्र ढिगाचा माथा कोरडा ठणठणीत होता. साचलेली मळी आतून तापून पेटते आणि वरचे कवच तेवढे थंड दिसते, असे मी कारखान्याच्या आवारात ऐकले होते. अशाच ढिगात एक बैल गुडघ्यापर्यंत भाजला होता.

"काकू, थांबा. वर जाऊ नका," मी ओरडलो.

त्या चालतच राहिल्या. त्यांचे दीर सुंदरराव माझ्यावर डाफरले, "कावून बोंबलतो बे? पूजा मोडायची हाय का?"

"तात्या, आत इस्तू हाय."

"इस्तू तुझ्या डोक्यात हाय. धूर कुठं दिसतोय?"

धूर खरोखरच नव्हता. परंतु बायनाबाईंचे अनवाणी पाऊल ढिगाच्या पायथ्याशी पोहोचले होते. मी समोर दिसल्या त्या चपला पायांत सरकवून धावलो आणि त्यांना मागे टाकून ढिगावर चढलो. माथ्याजवळ कवच खचले व माझा पाय आत गेला. रबर जळाल्याचा उग्र दर्प सुटला. मी पाय ओढून खाली कोसळलो. वर भगदाडात लालभडक निखारा धगधगत होता.

बायनाबाईंनी ताट तसेच घट्ट धरले. पाठ न फिरवता त्या मागे सरल्या, खदानीच्या त्या ओसाड मातीवर बसल्या आणि तेथील दगडावरच त्यांनी नारळ फोडला. मग म्हणाल्या, "भावजी, आधी ह्याच्या पायावर पाणी घाला. मंग टँकर बोलवा."

सुंदररावांनी पूजेचा तांब्या उचलला. माझ्या पायावर धार धरीत ते हळूच म्हणाले, "चप्पल नवी होती का बे?"

"न्हाई तात्या. तुमचीच हाय. घाईत घातली."

टँकरने ढीग विझेपर्यंत निम्मी मळी राख झाली होती. उरलेली थंड करून आम्ही मातीत मिसळली आहे. तेथे काही उगवेल किंवा कसे, हे आजमितीस सांगता येत नाही. परंतु बायनाबाई रोज स्वतःच्या पायांनी तेथे जाऊन माती हातात घेऊन पाहतात.

माझे हे साधे निवेदन आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

भागवत बद्रीनाथ जोगदंड