छतावरच्या सळया

तरणतलावाची देखभाल करणाऱ्या फिटरबाईंना सगळे आत्या म्हणत, कारण तिथला पोहण्याचा प्रशिक्षक त्यांचा सख्खा भाचा होता. स्पर्धेच्या आदल्या दुपारी आत्या दिवे बदलायला छताच्या पोकळीत चढल्या, आणि दिवे तसेच ठेवून खाली उतरल्या.

"छत ज्या सळयांवर टांगलंय त्यांच्यावर तपकिरी ठिपके आलेत," त्यांनी व्यवस्थापकांना सांगितलं. "पुसले, तर खाली केसाएवढ्या चिरा."

व्यवस्थापक हसले. "आत्या, स्टेनलेस स्टील आहे ते. गंजत नाही म्हणून तर दामदुप्पट मोजून घेतलं."

"गंजत नाही असं नाही, सहजी गंजत नाही. पाण्यातल्या क्लोरीनची वाफ वर साचते. तिथं ना कुणी पुसतं, ना धुतं. त्यात वरून वजनाचा ताण. एक सळई काढून बघू द्या."

"उद्या स्पर्धा आहे. पॉलिश मारा आणि गप्प बसा."

आत्या गप्प बसल्या नाहीत. सरळ पंपघरात गेल्या, निचऱ्याचा व्हॉल्व्ह सताड उघडला, दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली.

पाणी गुडघाभर उतरलं तेव्हा बोंबाबोंब झाली. भाचा धावत आला.

"वर्षभर पोरं घासलीत मी! घरची असून माझ्याच मुळावर उठलीस?"

"तुझीच पोरं आहेत ना त्या छताखाली?"

"किल्ली द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका," व्यवस्थापक कडाडले.

"नाही येणार. पण या छताखाली कुणी पाण्यात उतरणार नाही."

भाच्याने कोपऱ्यातली बॅटरी उचलली. मग चरफडत म्हणाला, "चल, दाखव. मी बॅटरी धरतो."

व्यवस्थापकही मागोमाग शिडी चढले. आत्यांनी एका सळईच्या नटाला पाना लावला, जेमतेम अर्धा वळसा दिला. काडकन आवाज झाला. बोटाएवढी जाड सळई वाळक्या काटकीसारखी तुटून हातात आली. तुटलेलं तोंड जवळजवळ सगळं काळपट तपकिरी होतं. एका बाजूला नखाएवढी कड तेवढी चकचकीत. त्या कडेवर छताचा तो भाग इतके दिवस लटकत होता.

"एखादी खराब निघते," व्यवस्थापक पुटपुटले.

"मग दुसरी काढू?"

दुसरी काढली. तीही तुटली. तिसरीला पाना लावायला व्यवस्थापकांनीच मनाई केली. "उतरा, उतरा आधी खाली," एवढंच म्हणत ते सगळ्यांच्या आधी शिडी उतरले.

आठवड्याभरात अख्खं छत उतरवलं. तपासायला आलेल्या अभियंत्याने दर दहांतल्या चार सळया चिरलेल्या मोजल्या. स्पर्धा दुसऱ्या गावच्या तलावात झाली. भाच्याची पोरं हरली आणि तो महिनाभर आत्याशी धड बोलला नाही.

आत्यांची नोकरी राहिली, पण परवानगीशिवाय पाणी सोडल्याबद्दल खुलासा मागणारं पत्र मात्र आलंच. खाली 'चूक मान्य आहे' असं छापलेलं होतं, फक्त सही करायची होती.

आत्यांनी ती ओळ खोडली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'पाणी मुद्दाम सोडलं. वेळ आली तर पुन्हा सोडीन.' मग सही केली, खाली तारीख घातली आणि कागद स्वतः नेऊन टेबलावर ठेवला.