दुसरा खेळाडू

आमच्या लोहारांच्या शेडमध्ये भट्ट्या पाच आणि पॉवर हॅमर, म्हणजे विजेवर चालणारा घण, एक. भांडणाला आणखी काय लागतं? लोखंड लाल झालं की ते कोणासाठी थांबत नाही. हॅमरवर दुसरा कोणी बसलेला असला तर तुमचं तापलेलं पातं सांडशीतच काळं पडतं, कोळसा वाया जातो आणि डोकं मात्र तापलेलंच राहतं. मग हातघाई. बळी तो कान पिळी, आणि आमच्यात बळी म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. हॅमर त्याला हवा तेव्हा त्याचा. कोणी आडवा आला की दादा त्याची मान धरून पाण्याच्या टाकीत बुडवायचा आणि बुडबुडे मोजल्यासारखं करत हसायचा.

मीही तिथलीच लोहार, कुऱ्हाडी करते. घण उचलायला मला दादानंच शिकवलं. बाईच्या हातात घण बघून जो हसला, त्याचे दोन दात त्यानं पाडले होते. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

नवरा वेगळ्या मातीचा. तो शेडच्या ऑर्डरी आणि कॉम्प्युटर बघतो. कोणाचा आवाज चढला की याचा चष्मा घसरतो. सगळे त्याला जावईबापू म्हणतात, दादा तर जरा लांबवूनच. नवऱ्याच्या मनात आलं, हॅमरचे नंबर लावू. इंटरनेटवर फुकट मिळणारं, ज्याला हवं त्यानं उघडून बदलावं असं एक सॉफ्टवेअर त्यानं घेतलं. मुळात ते बॅडमिंटनच्या कोर्टांचे नंबर लावायला केलेलं. यानं कोर्टाच्या जागी हॅमर घातला, खेळाच्या वेळेच्या जागी लोखंडाला लागतो तो वेळ घातला आणि भिंतीवर जुना टीव्ही टांगला. नंबर फोनवर लावायचा, टीव्हीवर बघायचा, मगच लोखंड भट्टीत घालायचं.

एक खोड तेवढी राहिली. कोर्टावर एकटा माणूस खेळणार कसा? म्हणून नंबर लावताना ते दुसऱ्या खेळाडूचं नाव मागायचंच.

"कोणाचंही टाका," नवऱ्यानं सगळ्यांना सांगितलं. "नावापुरतंच आहे ते."

"अहो, काढता येत नाही का?" मी विचारलं.

"फुकटचं आहे गं. पदरी पडलं पवित्र झालं. काढू सावकाश."

कोणाचंही टाका म्हटल्यावर सगळ्यांनी दादाचं टाकलं. दुसऱ्याचं टाकून दादाचा राग कोण ओढवून घेणार? मीही त्याचंच टाकलं.

काही दिवस चक्क कोणी कोणाला मारलं नाही. मग दादाला कळलं, की दुसऱ्या खेळाडूलाही नंबर रद्द करता येतो. माकडाच्या हाती कोलीतच की! तुमचं लोखंड नारिंगी होऊन तुम्ही वळलात, की टीव्हीवरून तुमचं नाव गायब आणि हॅमरवर दादा. पूर्वी त्याला निदान हात उचलावा लागायचा. आता अंगठा पुरत होता.

शेवटी तात्यांचा, आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या लोहाराचा, संयम सुटला. गार पडलेलं पातं त्यांनी दादाच्या पाठीत हाणलं. दादानं त्यांच्या मानगुटीला धरून त्यांचं तोंड ऐरणीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तात्यांना दात नव्हतेच, जबडा होता तोही मोडला. सोडवायला गेलेल्या एकाची बरगडी गेली, दुसऱ्याचा कान फाटून लोंबला. कोळशाच्या भुकटीत रक्ताचा चिखल झाला. मी नुसती ओरडत राहिले.

तात्यांना दवाखान्यात पोचवून नवरा परत आला आणि रक्ताचा शर्ट न बदलता कॉम्प्युटरपुढं बसला. दुसरा खेळाडू त्यानं मुळासकट उपटायला घेतला.

"अहो, आज राहू द्या. दादा तुम्हाला जिवंत सोडणार नाही."

"मग काय, आणखी एका जबड्याची वाट बघू?"

चष्मा घसरला होता, पण आवाज हलला नाही.

सकाळी फोनवर दादाचा अंगठा चालेना. तो सरळ नवऱ्यासमोर आला.

"जावईबापू, काल होतं ते परत घाला."

"नाही, दादा."

दादानं त्याला कॉलरला धरून खुर्चीसकट ओढलं. हॅमरपाशी नेऊन त्याचा उजवा हात खालच्या ठोकळ्यावर दाबला आणि पाय पेडलवर ठेवला. "याच हातानं टाइप करता ना?" हॅमर बोटांच्या शेजारी आदळला. जमीन हादरली. "आता घालता?"

नवरा रडत होता. रडत रडत म्हणाला, "नाही."

मी माझ्या भट्टीशी उभी होते. कुऱ्हाडीचं लोखंड पिवळं झालं होतं. ते सांडशीत धरून मी पुढं झाले.

"दादा, सोड त्यांना."

"तू गप. आपल्या माणसाच्या बाजूनं उभं राहायला शीक."

"तेच करतेय."

त्याचा पाय पेडलवर हलला आणि मी लोखंड त्याच्या मनगटावर टेकवलं. चर्र झालं. दादा गुरासारखा ओरडला. नवऱ्याचा हात सुटला, दादा खाली कोसळला, पण मी लोखंड उचललं नाही. गुडघा त्याच्या छातीवर रोवून मी दाबतच राहिले. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मांसाचा वास येत होता, तो "आई गं, नको" म्हणत होता, आणि मला आणखी दाबावंसं वाटत होतं. मला ओढून काढायला तिघं लागले. दादाला आवरायलाही तेवढेच लागायचे.

त्याला उचलून नेलं. तो हात आता घण धरणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं.

नवरा हॅमरच्या पायाशी बसला होता. पाचही बोटं जागेवर, फक्त कातडं सोललेलं. मी फडकं भिजवून आणलं आणि त्याच्यापुढं बसले.

"बघू हात."

त्यानं हात झटकन छातीशी ओढला आणि दुसऱ्या हातानं झाकला.

"अहो, मी आहे."

"माहीत आहे," तो म्हणाला.

दादाकडं तो ज्या डोळ्यांनी बघायचा, त्याच डोळ्यांनी माझ्याकडं बघत होता. ज्या हातासाठी मी सख्ख्या भावाचा हात जाळला, तो हात तो माझ्यापासूनच लपवत होता, आणि त्याचं चुकत नव्हतं. मला रडू फुटलं. मी फडकं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकले. आणखी जरा मागं सरकले, तेव्हा कुठं त्यानं ते उचललं.