हुक लावा

अक्षताचा हट्ट म्हणजे हट्ट. सानपाड्याच्या टॉवरवर तिचा नवरा संघर्ष सळया बांधायला चढायचा, आणि बोनकोड्यातल्या भाड्याच्या खोलीत हिचा जीव दिवसभर टांगणीला. सकाळी तो डबा घेऊन निघाला, की दारातून ही एकच गोष्ट सांगायची, "हुक लावा." कमरेच्या पट्ट्याचा हुक, वरच्या दोरीला. संघर्ष मुद्दाम डब्याची कडी टक्कन लावायचा आणि म्हणायचा, "लावला." लग्नापासूनचा हा खेळ. एखाद्या दिवशी ती विसरली, तर पठ्ठ्या दारातून हलत नसे.

शेवटी तिनं माहेरी जायची धमकी दिली, तेव्हा कुठे त्यानं रबाळ्याचा कारखाना धरला. तिथं इमारतीच्या भिंती खालीच साच्यात ओततात आणि तयार झाल्या की ट्रेलरवरून साइटवर नेतात. ना उंची, ना वारा. अक्षताचा जीव भांड्यात पडला. शेजारणींना ती ऐटीत सांगू लागली, "आमच्या ह्यांचं काम आता सावलीतलं हाय."

पहिल्याच सकाळी तो सवयीनं दारात थांबला.

"आता काय भुईवरून पडनार का तुमी?" ती हसली. तोही हसला आणि गेला. पुन्हा कधी थांबला नाही.

कारखान्यात सगळ्यांचंच तसं झालं होतं. पडायचं भय नाही, मग भय कसलं? तयार भिंत लोखंडी घोड्याला, म्हणजे तिरक्या चौकटीला, टेकवली, की क्रेन सोडायच्या आधी तिला साखळी घालून हुक अडकवायचा, असा नियम शेडमध्ये मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. पण ट्रेलर खोळंबले की सुपरवायझर आरडाओरडा करायचा, आणि साखळी तशीच लोंबत राहायची. एका दुपारी साखळी न घालताच क्रेन सोडली, भिंत कलली, आणि संघर्ष नेमका तिच्या पुढ्यात होता. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात तो म्हणाला, "टॉवरवर हुक लावताना रोज तुझा आवाज यायचा कानात." बिचाऱ्याला टोचायचं नव्हतं, औषधाच्या गुंगीत मनातलं बोलून गेला. अक्षताच्या मात्र ते काळजात रुतलं. त्याला उंचीवरून उतरवलं याचा तिला पस्तावा नव्हता. उतरवल्यावर आपण निर्धास्त झालो, रोजचे दोन शब्द थट्टेवारी नेले, हे तिला राहून राहून खात होतं.

आता कारखान्यानं त्याला गेटवर बसायचं काम दिलंय. पहिल्या दिवशी कुबडी सावरत तो दारात थांबला. अक्षतानं डबा त्याच्या हातात दिला. शब्द अगदी ओठांवर आले होते, पण आता ते बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. तिनं मान खाली घातली.

संघर्ष दारातून हलला नाही. मग कुबडी काखेत दाबून त्यानं डब्याची कडी उघडली आणि परत टक्कन बसवली.

"लावला," तो म्हणाला.